यंत्रपुतळा, मद्यघट आणि तरता काटा

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या दक्षिण तीरावर सालारजंग संग्रहालय आहे. तेथे दररोज, तास भरावयास दोन-तीन मिनिटे उरली की, निरनिराळ्या दालनांत पांगलेली माणसे लगबगीने एका मोठ्या घड्याळासमोर जमू लागतात. मुले वडीलधाऱ्यांच्या खांद्यांवर चढतात. मग घड्याळातील एक दार उघडते, दाढीवाला एक चिमुकला पुरुष बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो आणि आल्या वाटेने निघून जातो. शेजारी एक लोहार हातोडा हाणीत अखंड सेकंद मोजीत असतो. हे घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान (1889–1949) यांच्या संग्रहातील ते एक. त्या संग्रहाचे संग्रहालय 1951 साली दिवाण देवडीत उघडले आणि 1968 साली आजच्या इमारतीत आले. परंतु तेथे आलेल्या सामान्य माणसाला हिरे-माणके, चित्रे आणि संगमरवरी मूर्ती यांहूनही अधिक वेळ खिळवून ठेवतो तो हा टोले देणारा पुतळा.

हा पुतळा यंत्रमानवाचा पूर्वज होय, असे सहज म्हटले जाते. तथापि दोहोंत एक मोठा भेद आहे. समोर हजार माणसे असोत की एकही नसो, पुतळा आपले टोले देतच राहणार. त्याला भोवतालची काहीही खबर नसते. आजच्या यंत्रमानवाचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. बाहेर काय चालले आहे याची त्याला खबर लागते आणि त्या खबरीनुसार तो आपले वर्तन बदलतो. ही खबर घेण्याची विद्या यंत्रांना कोठून मिळाली, याचा शोध घेऊ लागले की वाट अनपेक्षितपणे मद्याच्या घटापाशी जाऊन पोहोचते. आणि त्या वाटेवरील एक महत्त्वाचा मुक्काम याच हैदराबादेत आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींत एक जोडछंद रूढ झाला आहे. घरच्या घरी बिअर तयार करावयाची आणि तिची देखरेख आपणच जुळविलेल्या यंत्राकडे सोपवावयाची, असे त्याचे स्वरूप. व्हिएन्ना शहरात तर 1999 सालापासून पेये बनविणाऱ्या आणि वाढणाऱ्या यंत्रमानवांचा ‘रोबोएक्झोटिका’ नावाचा उत्सव सुरू झाला. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण त्यामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. मोड आणलेले जव दळून गरम पाण्यात मुरविले की गोड काढा निघतो. तो हॉप्सच्या फुलांसह उकळून, निववून त्यात किण्व घालतात. किण्वाचे सूक्ष्म जीव साखर खातात, तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. साखरेने जड झालेले पाणी या क्रियेत दिवसेंदिवस हलके होत जाते. आरंभी त्या रसाचे विशिष्ट गुरुत्व 1.050 असेल आणि शेवटी 1.010 उरले असेल, तर मधल्या 0.040 या फरकाला 131ने गुणावे. मद्यार्काचे प्रमाण शेकडा सव्वापाचच्या आसपास असल्याचे कळते.

हौशी माणूस या रसात एक बंद कुपी सोडतो. कुपीच्या पोटात कल ओळखणारा एक बारीक घटक, तापमापक आणि बिनतारी संदेश पाठविणारे यंत्र असते. रस गोड व जड असताना कुपी कलंडलेली असते. तो हलका होत गेला की ती हळूहळू सरळ उभी राहू लागते. या कलावरून घनता कळते, आणि झाकण न उघडता ती बाहेरच्या यंत्राला समजते. आंबण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने तापमान वाढू लागते. तसे झाले की यंत्र शीतपेटी सुरू करते, आणि पुरेसे उतरले की बंद करते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या हैदराबादसारख्या शहरात, अठरा ते बावीस अंशांत सुखी असणाऱ्या किण्वाला अशा पहारेकऱ्याची किती गरज लागेल हे सांगावयास नको. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. तेलंगणात लागू असलेल्या 1968च्या अबकारी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही, मग ते घरापुरते का असेना. त्यामुळे येथील हौशी कारागिराला आपली कुपी नीरेत, आंबिलीत किंवा व्हिनेगरच्या बरणीत सोडूनच समाधान मानावे लागते. कुपी बनविण्याला मात्र कोणाची आडकाठी नाही. 2023 साली रायदुर्ग भागात उघडलेल्या टी-वर्क्स या सार्वजनिक कार्यशाळेत असल्या यंत्रांचे पहिले नमुने घडविण्याची सोय आहे.

मद्य आणि यंत्र यांची ही सोयरीक आजची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोने वायू आणि द्रव यांच्या करामतींवर ग्रंथ लिहिला. त्यात एका अक्षय पात्राची रचना आहे. पात्रातून कितीही द्राक्षासव काढून घ्या, पातळी पुन्हा पहिल्याइतकी होते. दुसऱ्या भांड्यात एक तरंगणारा गोळा असतो. पातळी उतरली की तो खाली जातो, तरफेने झडप उघडतो आणि आसव वाहू लागते. पातळी चढली की तोच गोळा झडप मिटतो. आज घरोघरी पाण्याच्या टाकीत जो तरंगता गोळा नळ बंद करतो, त्याचा हा पूर्वज. टोले देणाऱ्या पुतळ्याला जे साधले नाही ते या गोळ्याला साधले होते. भोवताली काय घडते आहे ते त्याला जाणवत होते, आणि त्याप्रमाणे तो वागत होता.

बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी इ.स. 850च्या सुमारास सुमारे शंभर यंत्रयुक्तींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातही अशा गोळ्यांचा आणि झडपांचा मुक्त वापर आहे. पुढे 1206 साली अल्-जझरी याने दियारबकरच्या राजदरबारासाठी आपला प्रसिद्ध यंत्रग्रंथ पुरा केला. मद्यपानाच्या मैफलीत तळ्यावर तरंगणारी, यांत्रिक वादकांची नौका आणि ठराविक वेळाने चषक पुढे करणारा यांत्रिक सेवक त्यात वर्णिलेला आहे. आपल्याकडे अकराव्या शतकात धारानगरीच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा एक संबंध अध्याय यंत्रविधानाला वाहिलेला आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतून 1924–25 साली छापला गेला, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट. दख्खनच्या दरबारांनाही ही विद्या परकी नव्हती. विजापूरच्या अली आदिलशहाच्या आश्रयाला असलेला फतहुल्ला शिराझी 1583 साली अकबराकडे गेला. अकबराच्या दरबारात एका बैलाच्या बळावर सोळा बंदुकांच्या नळ्या साफ करणारे यंत्र होते, असे अबुल फजल नमूद करतो.

या यंत्रांचे कौतुक करावे तितके थोडेच. पण त्यांतील बहुतेकांचा हेतू पाहुण्यांना चकित करणे हा होता. प्याल्यात काय ओतले जात आहे, ते चांगले की वाईट, याच्याशी त्या यांत्रिक सेवकाला काही कर्तव्य नव्हते.

युरोपात मद्य आणि यंत्र एकाच छपराखाली नांदले ते ख्रिस्ती मठांत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमांत प्रत्येक संन्याशाला दररोज द्राक्षासवाचे एक माप मिळावे अशी तरतूद आहे. त्यातून माप हा शब्द महत्त्वाचा. इ.स. 820च्या सुमाराचा सेंट गाल मठाचा जो आराखडा आज उपलब्ध आहे, त्यात बिअर करण्याच्या स्वतंत्र जागा दाखविलेल्या आहेत. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या विदुषी मठाध्यक्षेने हॉप्सच्या फुलांमुळे पेय टिकाऊ होते हे लिहून ठेवले. आणि चौदाव्या शतकात सेंट आल्बन्सचा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने ग्रहगती दाखविणारे एक अद्भुत घड्याळ रचले. प्रार्थनेच्या वेळा चुकू नयेत म्हणून घड्याळ, आणि वाटप न्याय्य व्हावे म्हणून माप. मठाच्या जीवनात या दोहोंमागे एकच शिस्त होती.

तथापि पेयाच्या अंतरंगात डोकावणारे साधन याहून जुने आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी सिनेसियस नावाच्या विद्वानाने, जो टोलेमाइसचा बिशप म्हणून इतिहासाला ठाऊक आहे, अलेक्झांड्रियातील आपल्या गुरू हायपेशिया यांना एक पत्र लिहिले. प्रकृती ठीक नसल्याने आपणास एक ‘जलदर्शक’ करवून पाठवावे, अशी त्याची विनंती होती. बासरीएवढी नळी, तिच्यावर खुणा आणि बुडाशी वजनदार शंकू, असे त्याने वर्णन केले आहे. पाण्यात सोडल्यावर ती कोणत्या खुणेपर्यंत बुडते त्यावरून पाणी जड की हलके ते कळावे. गवळ्याच्या दुधात सोडावयाचा लॅक्टोमीटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे साधन ओळखीचे वाटेल. हाच तो तरता काटा, ज्याला आज हायड्रोमीटर म्हणतात. हौशी माणसाची बिनतारी कुपी ही त्याचीच वंशज.

या काट्याचे सर्वांत विस्तृत प्राचीन वर्णन ज्या ग्रंथात आहे त्याचे नाव ‘मीझान अल्-हिक्मा’, म्हणजे शहाणपणाचा तराजू. त्याचा कर्ता अल्-खाझिनी हा मूळचा ग्रीक गुलाम होता. धन्याने त्याला मर्व्ह शहरात शिक्षण दिले आणि तो मोठा गणिती झाला. 1121–22 साली सेल्जुक सुलतान संजरच्या खजिन्यासाठी त्याने हा ग्रंथ लिहिला. खजिन्यात येणारे सोने शुद्ध आहे की त्यात चांदी मिसळली आहे, माणिक खरे की रंगीत काच, हे वस्तू न फोडता ओळखण्याचा तराजू त्याने वर्णिला. आर्किमिडीजच्या मुकुटाची कथा सर्वांस ठाऊक आहे. अल्-खाझिनीचा सारा ग्रंथ म्हणजे त्या एका कथेचे शास्त्रशुद्ध भाष्यच होय. त्याच ओघात त्याने द्रवांची घनता मोजणारी तांब्याची पोकळ नळी, तिच्यावरील अंशांच्या खुणा आणि बुडाचे वजन यांचे वर्णन केले. तिचे श्रेय प्रामाणिकपणे ग्रीक पंडित पॅपसला दिले.

खानिकोव्ह या रशियन वकिलाने या ग्रंथाचे काही भाग भाषांतरासह प्रसिद्ध करविले. 1860 साली ते एका अमेरिकन प्राच्यविद्या नियतकालिकात छापले गेले. अरबी मूळ मात्र ग्रंथरूपाने छापले गेले ते हैदराबादेत, हिजरी 1359 मध्ये, म्हणजे 1940–41च्या सुमारास. दाइरतुल मआरिफ या संस्थेने ते छापले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत 1888 साली स्थापन झालेल्या या संस्थेने जगभरची हस्तलिखिते मिळवून, ताडून, दुर्मिळ अरबी ग्रंथ छापण्याचे व्रत घेतले होते. अल्-बिरूनीचा रत्नांवरील ग्रंथ आणि त्याचा ‘अल्-कानून अल्-मसऊदी’ हा ज्योतिषग्रंथ याच छापखान्यातून बाहेर पडले. ही संस्था उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात आहे. भेसळ ओळखण्याच्या शास्त्राचा हा थोर ग्रंथ ज्या शहराने छापून जगाला दिला, त्याच शहरात भेसळीने माणसे मरावीत, हा दैवदुर्विलास. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

युरोपात हा काटा पुन्हा अवतरला तोही भेसळ पकडण्यासाठीच. 1675 साली रॉबर्ट बॉइलने खोटी नाणी ओळखण्याकरिता एक तरते साधन वर्णिले. पुढे दारूवर कर बसविणाऱ्या सरकारला ते उपयोगी वाटले. पिंपात दारू किती आणि पाणी किती हे कळल्याखेरीज कर न्याय्यपणे बसविता येत नव्हता. बार्थोलोम्यू साइक्सचा काटा ब्रिटिश संसदेने 1816–18च्या कायद्यांनी प्रमाण ठरविला, आणि तोच हिंदुस्थानातील इंग्रजी अबकारी खात्यांच्या हाती आला. दारू करणाऱ्यांची वृत्ती मात्र निराळी होती. अठराव्या शतकात जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या तरुण इंग्रज बिअरवाल्याने तापमापक वापरावयास सुरुवात केली, तेव्हा जुन्या वळणाच्या वडिलांपासून ते त्याला लपवून ठेवावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या बोट बुडवून उष्णता अजमावणाऱ्यांना पाऱ्याची नळी हा अपमान वाटत असे. तरीही 1784 साली जॉन रिचर्डसन या हल गावच्या बिअरवाल्याने रसातील सत्त्वांश मोजण्याच्या काट्यावर पुस्तक लिहिले, आणि हळूहळू मोजमापाचा जय झाला.

त्या जयाचे सर्वांत मधुर फळ म्हणजे जेम्स प्रेस्कॉट जूल. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील बिअरच्या कारखानदाराच्या घरी 1818 साली तो जन्मला. कोणत्याही विद्यापीठात तो प्राध्यापक नव्हता. घरचा धंदा सांभाळून तो छंद म्हणून प्रयोग करी. पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांचे चाक बसवावे, उतरत्या वजनांनी ते फिरवावे आणि पाणी किती तापले ते पाहावे, हा त्याचा प्रसिद्ध प्रयोग. तापमानातील फरक इतका सूक्ष्म की अनेक पंडितांना त्याच्या आकड्यांवर विश्वासच बसेना. पण तापमापकाच्या बारीक खुणा वाचण्याचा सराव त्याच्या डोळ्यांना होता. त्यातूनच उष्णता आणि कार्य यांचे समीकरण सिद्ध झाले. बिअरचा धंदा आणि यंत्रांचा छंद एकाच माणसात जुळून आल्याचे इतके फलदायी उदाहरण इतिहासात दुसरे सापडणे कठीण. आज ऊर्जेच्या एककाला जूलचे नाव आहे, ते या छांदिष्टाचे स्मारक होय.

आता पुन्हा हैदराबादकडे वळावे. येथे घरोघरीचे जुने पेय बिअर नव्हे, ताडी. तेलंगणात तिला कल्लु म्हणतात. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला छेद देऊन खाली मडके बांधले की पहाटेपर्यंत गोड नीरा साठते. हवेतले किण्व तिच्यात आपोआप उतरते. ऊन चढू लागताच ती आंबू लागते, काही तासांत तिची सौम्य ताडी होते आणि आणखी ठेवली तर व्हिनेगरची आंबट धार येते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या गौड समाजाचे. कमरेला दोर आवळून, पायांत फास अडकवून उंच ताडावर चढणारा हा कारागीर मडक्याला नाक लावून सांगतो की, आतले पेय किती घटकांचे आहे. त्याच्याजवळ काटा नसतो. पण ज्याला प्यावयास द्यावयाचे तो शेजारचाच असतो, आणि हीच त्याची कसोटी. निजाम संस्थानात अबकारी हे उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. 1956 पर्यंत त्याच संस्थानाच्या प्रदेशाचा भाग असलेल्या मराठवाड्यातही शिंदीच्या झाडांवर आकारल्या जाणाऱ्या कराची आठवण जुन्या माणसांच्या बोलण्यात येत असे.

शहर वाढले तशी झाडे दूर गेली आणि पिणारे वाढले. झाडाचा रस तेवढाच राहिला, मागणी मात्र कित्येक पटींनी चढली. ती भरून काढण्यासाठी पाणी, साखर, सॅकरिन, आणि नशा यावी म्हणून क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगी आणणारी औषधे मिसळण्याचा प्रघात पडला. अशा पेयाची सवय लागलेल्या मजुराला ते एक दिवस मिळाले नाही तर झोप उडते, हातपाय कापतात, वागण्यावर ताबा राहत नाही. 2025च्या जुलै महिन्यात हैदराबादच्या कुकटपल्ली परिसरात भेसळीची ताडी प्यालेली अनेक माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि त्यांतली काही दगावली. ताडीच्या नमुन्यांत अल्प्राझोलाम आढळल्याचे जाहीर झाले. गेलेली माणसे बहुतेक हातावर पोट असणारी, दिवसभराच्या श्रमानंतर स्वस्त पेयाच्या दुकानाकडे वळणारी होती.

येथे तरत्या काट्याची खरी परीक्षा होते, आणि तो नापास होतो. त्याची कारणे साधी आहेत. चांगल्यातला चांगला हातकाटा घनतेतील हजाराव्या भागापर्यंतचा फरक दाखवितो. माणसाला बेशुद्ध करण्यास अल्प्राझोलामचे काही मिलिग्रॅम पुरतात. एका लिटरला काही मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत काही भाग. काट्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. त्याहून भयंकर गोष्ट मिथेनॉलची, जे पोटात गेले असता डोळे जातात आणि प्राणही जातो. त्याची घनता पाण्याच्या 0.79 पट, आणि साध्या मद्यार्काचीही तितकीच. तरता काटा त्या दोहोंत भेद करूच शकत नाही. 2015च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसांचे बळी घेतले. त्या पिंपांत सर्वांत महागडा हायड्रोमीटर सोडला असता तरी त्याने ‘कडक माल’ एवढेच सांगितले असते. दुधाच्या बाबतीतही हेच. मलई काढून घेतली की दूध जड होते, पाणी घातले की हलके होते. दोन्ही लबाड्या बेताने केल्या तर लॅक्टोमीटर ‘शुद्ध’ म्हणून कौल देतो. एक लबाडी दुसरीला झाकते, आणि काट्याला दोन्हींचा पत्ता लागत नाही.

मग काटा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. मोजमापाखेरीज मूठभर जाणकारांचे नाक आणि बाकीच्यांचे नशीब, एवढेच उरते. ज्या पिंपात कुपी सोडलेली आहे त्याची घनता रात्री अचानक बदलली, तर कोणी पाणी ओतले हे सकाळी कळेल. वेड्यावाकड्या तापमानात आंबलेले पेय ओळखता येईल. प्रयोगशाळांतली सूक्ष्म साधने एका लिटरमधील मिलिग्रॅमही शोधून काढतात, आणि कुकटपल्लीचे सत्य त्यांनीच उघडकीस आणले. परंतु ते उघडकीस आले माणसे आडवी पडल्यानंतर. नमुना वेळेवर कोणी घ्यावयाचा, घेतलेला नमुना बदलला जाणार नाही हे कोणी पाहावयाचे, आणि अहवाल आल्यावर दुकानाला कुलूप कोणी लावावयाचे, हे काम कोणत्याही काट्याचे नाही. यंत्र साक्षीदार होऊ शकते. साक्ष ऐकून निवाडा देण्यास न्यायाधीश लागतोच.

‘रोबो’ हा शब्दही याच विचाराकडे नेतो. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 1920 सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगात गेला. त्याचा भाऊ योसेफ याने सुचविलेला हा शब्द वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दापासून आलेला आहे. ज्या बोहेमियात हा शब्द घडला, त्याच बोहेमियाच्या प्लझेन गावी 1842 साली आज जगभर पसरलेल्या सोनेरी बिअरचा जन्म झाला. चापेकचे यंत्रमानव लोखंडाचे नाहीत. कृत्रिम जीवद्रव्य मोठमोठ्या काथोटींत मळून त्यांची शरीरे तयार होतात, जणू पाव किंवा बिअर करण्याचाच तो कारखाना. राबण्यासाठी त्यांना घडविले. सत्यासत्याची, बऱ्यावाईटाची जाणीव त्यांना असावी, याचा विचार त्यांच्या मालकांनी केला नाही. नाटकाचा अनर्थ तेथून सुरू होतो.

अल्-खाझिनीविषयी जुने चरित्रकार एक हकीकत सांगतात. सुलतान संजरने त्याला एक हजार दिनार पाठविले. त्याने ते परत केले. आपणापाशी दहा दिनार आहेत, वर्षाला तीन पुरतात, आणि घरात आपल्याखेरीज एक मांजर तेवढे आहे, असे त्याचे उत्तर होते. राजाच्या खजिन्याचा तराजू ज्याने करावयाचा, त्याच्यावर खजिन्याचा भार पडता कामा नये, हे त्याने ओळखले होते. हैदराबादने त्याचा ग्रंथ छापला त्याला आठ दशके उलटून गेली. त्यातील काट्याचे ज्ञान आता कुपीत, यंत्रात आणि हौशी मुलांच्या हातांत सुखरूप पोहोचले आहे. परत केलेल्या त्या हजार दिनारांचा धडा मात्र ताडीच्या दुकानापर्यंत, आणि त्या दुकानाची तपासणी करणाऱ्यांपर्यंत, अजून पोहोचावयाचा आहे.